नातू कंपनी काढतोय

हल्ली कुणाच्याही घरी चहाला गेलं की त्या घरातलं एक तरी पोर 'स्वतःचं काहीतरी' करत असतं. आमच्या वेळी 'स्वतःचं काहीतरी' म्हणजे पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, आणि फारच धाडस असेल तर एमआयडीसीत शेड घेऊन दोन लेथ मशीन. आता त्याला स्टार्टअप म्हणतात. नाव बदललं म्हणून माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. ही मुलं बोलायला लागली की पहिल्या पाच मिनिटांत 'फंडिंग' येतं, 'व्हॅल्युएशन' येतं, 'स्केल' येतं. गिऱ्हाईक मात्र चहा संपला तरी येत नाही.

मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. धंदा कधी केला नाही. मग तुम्हाला यावर बोलायचा काय अधिकार, असं काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते, कुणी 'हे पहिल्यांदाच होतंय' म्हणालं की त्याचा हात आपोआप मागची पानं उलटायला लागतो. शिवाय माझं माहेर आता पलूस तालुक्यात मोडणाऱ्या एका गावातलं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. माझे मामा तिथे फौंड्रीत होते. तेव्हा कारखाना कसा उभा राहतो याच्या गोष्टी मी भोंडल्याच्या गाण्यांबरोबरच ऐकल्यात म्हणा ना.

आणि आता हा विषय नुसता गप्पांचा राहिलेला नाही. माझ्या धाकट्या दिरांचा नातू (नाव लिहीत नाही, पण घरातल्या सगळ्यांना कळलंच असेल, लिहायची परवानगी त्याच्याकडून घेतली आहे) जूनमध्ये हिंजवडीची नोकरी सोडून आला. दोघा मित्रांबरोबर कंपनी काढणार. द्राक्षबागेत एक यंत्र लावायचं, ते हवेतला दमटपणा, पानांवरचा ओलावा, पाऊस मोजणार आणि डाऊनी येण्याचा धोका कधी आहे ते फोनवर कळवणार. म्हणजे औषधांच्या विनाकारण फवारण्या टळतील. कल्पना चांगली आहे, वाईट मुळीच नाही. पण त्याने घरातल्या पाच जणांकडे प्रत्येकी पाच लाख मागितले आहेत आणि त्यात मी एक आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे भाऊजी, तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याची आई माझ्याकडे येऊन रडून गेली. एक काका म्हणतात 'मराठी माणसाने धंद्यात पडू नये', दुसरे म्हणतात 'देऊन टाका, पोराचं नशीब आहे'. मला विचाराल तर दोघांचंही म्हणणं आळसाचं आहे. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे पाच ठिकाणी पाच वेळा सांगायला नको.

आधी त्या 'मराठी माणसाने धंद्यात पडू नये' चा निकाल लावू. ज्या शाईने आपण सगळे अक्षरं गिरवायला शिकलो ती कॅमलची शाई दांडेकरांची. १९३१ साली गिरगावात शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात. विको पेंढरकरांची, १९५२ ची. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर तर आपल्या दारातले. तेव्हा हे वाक्य आता बंद करा बरं. पोराला धंदा जमेल की नाही हे त्याच्या आडनावावर ठरत नाही.

लक्ष्मणरावांची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत असते, पण ती अर्धीच. 'माळरानावर नंदनवन फुलवलं' एवढंच सांगितलं जातं आणि टाळ्या पडतात. मला त्यातला न सांगितला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बघा. जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा ती सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, मास्तर! १८८८ साली बेळगावात थोरल्या बंधूंचं, रामूअण्णांचं आणि त्यांचं सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी मुंबईची नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. नोकरी सुटली तेव्हा दुकान चालू होतं, हे वाक्य आमच्या नातवाने दोनदा वाचावं. (त्याने उलटा क्रम लावलाय. आता झालं ते झालं.)

मग कडबा कापायची यंत्रं, आणि मग तो प्रसिद्ध लोखंडी नांगर. नांगर तयार झाला आणि कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! शाळेत ही गोष्ट सांगताना मुलं हसायची, 'काय बाई अडाणी लोक' म्हणायची. मी त्यांना म्हणायचे, थांबा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देत होता. लोखंडाचा मोडला तर कुठे न्यायचा? पेरणी तोंडावर आली असताना औत बंद पडलं तर त्या घराचं वर्ष गेलं. 'जमीन विषारी होते' हे त्याने तोंडाने सांगितलेलं कारण असेल, पण पोटातली भीती मला तरी या वर्षाची वाटते. नवीन वस्तू घेऊन आलेल्या माणसाला गिऱ्हाईक जे कारण सांगतं ते क्वचितच खरं असतं. ते खरं कारण शोधून काढणं हेच धंदा करणाऱ्याचं पहिलं काम, आणि ते पुण्यात बाणेरच्या ऑफिसात बसून होत नाही. शेताच्या बांधावर उभं राहावं लागतं, चहा प्यावा लागतो, आणि नको तेवढ्या गप्पा ऐकाव्या लागतात.

आता पैशाचा भाग. बेळगावात नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज. निवडुंगाने भरलेली आणि सापांनी गजबजलेली जागा. १९१० साली वाडी वसली. हिशेब करा, सायकलींचं दुकान १८८८ चं. म्हणजे मोठा पैसा आला तो २२ वर्षांनी. तोपर्यंत माल तयार होता, घेणारे होते, अडचण फक्त जागेची होती. अशा वेळी बाहेरचा पैसा म्हणजे तहानलेल्या पिकाला पाणी. पण अजून काय पेरायचं तेच ठरलेलं नाही अशा रानात पाणी सोडलं तर काय उगवतं ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना सांगायला नको.

आमचा नातू म्हणाला, "मोठी आजी, तो काळ वेगळा होता. आता वेग लागतो. मी दोन वर्षं थांबलो तर दुसरा कुणीतरी येऊन मार्केट घेईल." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. असली यंत्रं विकणाऱ्या कंपन्या देशात आधीच आहेत. पण मग मी त्याला विचारलं, त्या आहेत तरी तासगाव-मिरजेकडचे बहुतेक बागायतदार अजून कुणाच्या सल्ल्याने फवारतात? तो गप्प. मी सांगते. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराच्या. आणि का? तो उधार देतो म्हणून. ऑक्टोबरच्या छाटणीपासून औषध-खत वहीत मांडून न्यायचं आणि माल गेला की, नाहीतर बेदाण्याचा सौदा झाला की, वही चुकती करायची. ज्या माणसाची उधारी डोक्यावर आहे त्याने 'हे फवारा' म्हटलं की शेतकरी फवारतो. तुझं यंत्र सांगणार 'आज फवारू नका' आणि दुकानदार सांगणार 'मारून घ्या, ढग आलेत'. आता ऐकायचं कुणाचं? तुझी स्पर्धा त्या वहीशी आहे रे बाळा, बंगळुरूच्या कंपनीशी नंतर. मोठे बागायतदार सल्लागार ठेवतात, ते पैसेही मोजतात. तेव्हा आधी कुणाकडे जायचं, दोन एकरवाल्याकडे, वीस एकरवाल्याकडे की खुद्द दुकानदाराकडेच, हे ठरवायला हवं. हे ठरवल्याशिवाय यंत्रात काय काय बसवायचं तेही ठरत नाही.

त्याने वहीत लिहून घेतलं. (पोरगं ऐकून घेतं, एवढं मान्य करायला हवं.)

पहिलं गिऱ्हाईक कसं सापडतं याचं एक अलीकडचं उदाहरण पुण्यातलं आहे. क्विक हील हे नाव संगणकवाल्या वाचकांना माहीत असेल. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, मग संगणक दुरुस्ती. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसची कटकट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी त्यावर उपाय करणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९०च्या दशकात अँटिव्हायरस बाजारात आला. २०१६ साली कंपनी शेअर बाजारात गेली. मला यात आवडतं ते हे की तक्रार स्वतः चालत दुकानात आली होती. त्यांना 'लोकांना काय हवं असेल बरं' असा विचार करत बसावं लागलं नाही. रोज दुरुस्तीच्या टेबलावर ते दिसत होतं. म्हणून मी नातवाला सांगितलं, एक हंगाम तू यंत्र विकू नकोस. दहा बागा घे, छाटणीपासून पुढचे दोन महिने, म्हणजे डाऊनीचा खरा धोक्याचा काळ, रोज पहाटे त्या बागांत स्वतः जा. यंत्र काय म्हणतं, पान काय म्हणतं आणि मालक काय करतो ते लिहून ठेव. आणि फुकट करू नकोस.

या फुकटावरून आमचा बराच वाद झाला. त्याच्या मित्राचं म्हणणं, पहिलं वर्ष सगळ्यांना फुकट द्यायचं, हजार शेतकरी जमवायचे, मग गुंतवणूकदाराला आकडा दाखवायचा. मी म्हटलं, वर्गात 'धडा समजला का?' असं विचारलं की साठ मुलं एका सुरात 'होऽऽ बाई' म्हणतात. मग एकाला उभं करून प्रश्न विचारला की कळतं किती समजलंय ते. फुकट दिलेल्या वस्तूला शेतकरीही 'होऽऽ साहेब, लई भारी' असंच म्हणणार. घरी आलेल्याला नाराज करायची आपली रीत नाही. पाचशे रुपये माग. मग जो देईल तो खरं बोलेल, आणि जो देणार नाही त्याचं कारण ऐकण्यासारखं असेल.

आता थोडं गणित. मी गणिताची शिक्षिका नव्हे, पण पाचवीतलं जमतं. त्याने दर ठरवलाय एकरी ३,००० रुपये वर्षाला. सरासरी बागायतदार दोन एकरवाला धरला तर एकाकडून ६,०००. यंत्र बिघडलं, आकडे समजले नाहीत, पाऊस झाला, की शेतकरी फोन करणार आणि कुणालातरी बांधावर जावंच लागणार. त्यासाठी एक मुलगा ठेवला, पगार २०,०००, पेट्रोल-फोन ५,०००. वर्षाचे झाले ३ लाख. हा मुलगा नीट किती बागा सांभाळेल? त्याचा अंदाज चाळीस बागायतदार. चाळीस गुणिले सहा हजार, २ लाख ४० हजार. म्हणजे एका मुलामागे ६०,००० चा खड्डा, आणि यात यंत्राची किंमत धरलेलीच नाही. आता वाढ करा! दहा मुलं ठेवा, चारशे बागायतदार, खड्डा ६ लाखांचा. हजारो बागायतदार झाले की पेपरात फोटो येईल आणि खड्डा विहिरीएवढा झालेला असेल. पण तोच मुलगा जर साठ जणांना सांभाळू शकला तर ३ लाख ६० हजार येतात आणि ६०,००० उरतात. म्हणजे सगळी कंपनी 'चाळीस की साठ' या एका प्रश्नावर उभी आहे, आणि त्याचं उत्तर लॅपटॉपवर मिळत नाही. स्वतः मोटरसायकल काढून एक हंगाम फिरलं तर मिळेल. चाळीसचे साठ कसे करायचे, बागा जवळजवळच्या गावांत घ्यायच्या का, निम्मे प्रश्न फोनवरच सुटतील असं काही करायचं का, हाच खरा धंदा. ते जमल्यावर वाढायचं. तोवर वाढ म्हणजे सूज.

शिवाय एक गोम. पैसे कधी येणार? दुकानदाराचेच पैसे माल गेल्यावर मिळतात तर तुझे आधी कोण देणार? ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पगार खिशातून. कागदावर नफा असलेल्या कित्येक कंपन्या अशा मधल्या महिन्यांत दम तोडतात. ऐन फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला आणि बागायतदाराचा मालच गेला, तर तू त्याच्या दारात वसुलीला जाणार आहेस का? हे मी विचारलं तेव्हा मात्र त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आमच्या भागात वाढलेलं पोर आहे, त्याला गारपीट माहीत आहे.

व्हॅल्युएशन हा शब्द भाऊजींना कळत नाही आणि त्यामुळे ते जास्त चिडतात, म्हणून सोपं करून सांगते. समजा तुमची चार एकर जमीन आहे. रस्त्याकडेचा एक गुंठा कुणीतरी हौसेने दहा लाखांना घेतला. चार एकर म्हणजे १६० गुंठे, म्हणून तुम्ही गावभर सांगत सुटलात की माझी जमीन १६ कोटींची! हिशेब बरोबर आहे, पण हातात दहा लाखच आलेत आणि उरलेल्या १५९ गुंठ्यांना तो भाव देणारा अजून भेटायचाय. स्टार्टअपची 'किंमत' अशीच काढतात. एखाद्याने पाच टक्के हिश्शाचे एक कोटी दिले की कंपनी वीस कोटींची.

हे समजलं नाही की काय होतं ते बायजूजने दाखवलं. ते माझ्याच क्षेत्रातलं, शिक्षणाचं, म्हणून मी ते बातम्यांतून बारकाईने पाहत आले. बायजू रवींद्रन केरळातले, आईवडील दोघेही शिक्षक. हा माणूस शिकवायचा उत्तम, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. २०११ साली कंपनी, २०१५ साली अ‍ॅप. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर त्यांचं नाव. २०२० मध्ये ३० कोटी डॉलरला व्हाइटहॅट ज्युनिअर घेतली, २०२१ मध्ये जवळपास १०० कोटी डॉलरला आकाश. २०२२ मध्ये कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अडीच हजार माणसं कमी करणार असं जाहीर झालं, पुढच्याच महिन्यात मेस्सी त्यांचा सदिच्छादूत! २०२०-२१ या वर्षाचा तोटा साडेचार हजार कोटींच्या वर होता आणि तो हिशेबही बाहेर आला तो दीड वर्ष उशिराने. २०२३ च्या जूनमध्ये लेखापरीक्षक सोडून गेले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिचं नाव छातीवर मिरवलं त्यांचीच थकबाकी. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते त्या चांगल्या शिकवणाऱ्या माणसाचं. वर्गात तो राजा होता. वर्ग वाढवता वाढवता वर्गच मागे पडला. हिशेबवही वेळेवर लिहिली असती तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण आजार लवकर कळला असता.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लिज्जत. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीची गच्ची, सात बायका, छगनलाल पारेखांकडून घेतलेले ८० रुपये उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. सुरुवातीला त्यांनी स्वस्तातला दुसऱ्या प्रतीचा पापड करून पाहिला होता. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. देणगी म्हणून पैसे घ्यायचे नाहीत हेही ठरलेलं. मला ही ८० रुपयांची रक्कम फार बोलकी वाटते. परत करता येईल एवढंच घेतलं! मिंधेपणा नाही की दडपण नाही.

ज्यावरून घरात अबोला धरलाय ते घरच्यांचे पैसे घ्यावेत का आणि आम्ही द्यावेत का, यावर आता येते.

माझा एक जुना विद्यार्थी सी.ए. आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, बाई, कंपनी कायद्यात नातेवाईक कोण याची यादी आहे. नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. २०१३ च्या कायद्यानंतर आजी-आजोबा त्या यादीतून गेले. चुलत आजीचा तर प्रश्नच नाही! म्हणजे मी त्याच्या बारशाला कुंची शिवली, तापात रात्री जागले, पण कायद्याच्या लेखी मी त्याची कुणी नाही. मला हसूही आलं आणि जरा लागलंही. पण मुद्दा असा की खासगी कंपनीने संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेतलं तर चालतं, माझ्यासारखीकडून घेतलं तर ती 'ठेव' ठरू शकते आणि त्याचे नियम कडक आहेत. तेव्हा मी द्यायचे तर दोनच सरळ वाटा, एक तर रीतसर शेअर घ्यायचे, नाहीतर त्याला स्वतःला, व्यक्ती म्हणून, उसने द्यायचे. 'घे रे, बघू नंतर' ही तिसरी वाट आपल्याकडे सगळ्यात लोकप्रिय आहे आणि भाऊबंदकीची निम्मी प्रकरणं तिच्यावरच सुरू होतात.

मुलांनी आपापसातही लिहून घ्यावं. तिघे मित्र, तिघांचा सारखा हिस्सा, असं त्यांचं ठरलंय. मी विचारलं, एकाचं लग्न ठरलं आणि मुलीकडच्यांनी नोकरी हवी म्हटलं तर? आठ महिन्यांत गेला तरी तिसरा हिस्सा त्याचाच? तेव्हा कळलं की यावर ते बोललेच नव्हते. मैत्रीत असं बोलायचं कसं म्हणे! बोलायचं. हिस्सा चार वर्षांत थोडा थोडा मिळत जावा, पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही नाही, अशी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. लक्ष्मणरावांच्या वाडीत माणसं कशी होती पाहा, इंजिनिअर जांभेकर, हिशेबाला रेगे, शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्रात डोकं चालणारे फळणीकर, आणि कारभाराला रामूअण्णा. प्रत्येकाचं काम वेगळं. आमच्या या तिघांनाही प्रोग्राम लिहिता येतो. पैशांची वही लिहिणारा आणि शेतकऱ्याशी तास-तास बोलणारा कोण, हे विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तर माझा निर्णय असा. पाच लाख मी देणार नाही. माझे पैसे पोस्टात आहेत, त्याच्या व्याजावर आणि पेन्शनवर माझी औषधं आणि कामवालीचा पगार चालतो, त्याला हात लावणार नाही. दोन लाख देईन, शेअर म्हणून, कागद करून. ते बुडाले तरी मला पंगत मोडल्यासारखं वाटणार नाही एवढीच ती रक्कम आहे, आणि घरातल्या इतरांनीही आपापली रक्कम अशीच ठरवावी. घर गहाण टाकून, किंवा पोरीच्या लग्नाचे म्हणून ठेवलेले, कुणी देऊ नयेत. दिलेत तर दर रविवारी 'काय झालं रे कंपनीचं' असं विचारू नका. तिमाहीला एक पान हिशेब तो सगळ्यांना पाठवेल, त्याने कबूल केलंय. पैसे मी छाटणीचा हंगाम संपल्यावर देईन, डिसेंबरात, आणि तेव्हा मला दहा नावं हवीत, पाचशे का होईना पण स्वतःच्या खिशातून दिलेल्या बागायतदारांची. दहा नसतील तर सात चालतील, पण उरलेल्या तिघांनी का दिले नाहीत ते लिहिलेलं हवं. दोन हंगामांनंतर, म्हणजे दोन छाटण्या पाहून झाल्यावर, तिघांनी बसून पुढे जायचं की नोकरी धरायची ते ठरवायचं. ती तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे.

भाऊजी, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. तुम्हीही १९७८ साली बँकेची नोकरी नाकारून बोअरवेलचं मशीन घ्यायला निघाला होतात आणि मामंजींनी तुमच्याशी चार महिने अबोला धरला होता. मी या घरात नवीन होते, तुम्हा दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी मीच वाढत होते. पोराशी बोला. पैसे देऊ नका हवं तर.

काल तो मणेराजुरीला जाऊन आला. पाच जणांना भेटला. दोघांनी चहा पाजला आणि 'बघू' म्हणाले, एकाने त्याच्या दुकानदाराचा नंबर दिला, एकाच्या बागेत कुत्रं अंगावर आलं. पाचव्याने यंत्र ठेवून घेतलंय. पाचशेतले दोनशे दिले, उरलेले बेदाण्याचा सौदा झाल्यावर देतो म्हणाला.